चार सरदार, एक शिलेदार

सायकलच्या शर्यतीकडे प्रथमच पाहणाऱ्या सज्जनास तिच्याइतका निष्कपट खेळ भूतलावर दुसरा नसावा असे वाटते. कारण येथे चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर याविषयी वितंडवाद माजत नाही, पंचाच्या दृष्टिदोषाची चिकित्सा होत नाही, आणि ज्याचे पाय अधिक वेगाने फिरतात तो आधी पोहोचतो व जो आधी पोहोचतो तो जिंकतो, यापलीकडे या व्यवहारात काही गूढ दडले असेल अशी शंका घेण्यास वरकरणी कोणतेच कारण दिसत नाही. परंतु या खेळाच्या सान्निध्यात ज्याने दोन-चार उन्हाळे काढले आहेत, त्याला हळूहळू कळून चुकते की येथे पायांचे काम दुय्यम असून मुख्य व्यवहार वाऱ्याशी चालतो, आणि वाऱ्याइतकाच शेजाऱ्याच्या आळसाशी.

सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या स्वाराचे बहुतेक बळ केवळ हवा बाजूला सारण्यात खर्ची पडते. त्याच्या मागच्या चाकाला खेटून जो जातो त्याचे सुमारे तृतीयांश श्रम वाचतात. आणि जो मोठ्या जथ्याच्या ऐन पोटात जाऊन बसला, त्याच्या सुखाला तर पारावार उरत नाही. आयंडहोवन येथील बेर्ट ब्लोकन या प्राध्यापकाने २०१८ साली आपल्या सहकाऱ्यांसह १२१ स्वारांच्या जथ्याचा हिशेब मांडला, तेव्हा असे आढळले की आत दडलेल्या भाग्यवंतास वाऱ्याचा जो विरोध होतो तो एकट्या स्वारास होणाऱ्या विरोधाच्या अवघा पाच ते दहा टक्के भरतो. म्हणजे सर्वांच्या पुढे असणे हा आरंभी शुद्ध मूर्खपणा, अखेरीस मात्र तोच पराक्रम. आणि मूर्खपणाचे पराक्रमात रूपांतर नेमक्या कोणत्या वळणावर होते हे ओळखण्याच्या विद्येवर युरोपातील कित्येक कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्या गुजराण चालली आहे.

याच कारणास्तव या वैयक्तिक खेळात संघ लागतो. प्रत्येक संघात एक सरदार असतो आणि त्याच्या दिमतीस बाकीचे सारे. त्यांनी त्याच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यावा, मागे संघाच्या मोटारीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या अंगरख्याच्या पाठीत कोंबून आणाव्यात, सरदाराचे चाक पंक्चर झाले तर आपले चाक काढून द्यावे, आणि सायंकाळी निकालपत्रात शंभराव्या क्रमांकाच्या आसपास आपले नाव शोधून समाधानाने जेवावे, असा या नोकरीचा शिरस्ता आहे. आपल्या जुन्या फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःच्या खर्चाने घोडा बाळगणारा तो शिलेदार, असे दोन वर्ग असत. सायकलच्या जगातील हे सेवक म्हणजे अस्सल बारगीर. सायकल मालकाची, पोशाख मालकाचा, एवढेच काय, दमण्याची वेळदेखील मालकाने ठरवून दिलेली. शिलेदार या धंद्यात आता जवळजवळ उरलेला नाही, आणि जेथे कोठे तो अवचित उगवतो तेथे कारभाऱ्यांच्या दप्तरात त्याची नोंद सापडत नाही, ही गोष्ट पुढील कथेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

तीन आठवडे चालणाऱ्या शर्यतीत सोमवारची चूक गुरुवारी भरून काढता येते. एकदिवसीय शर्यतीला गुरुवार नसतो. सकाळी निघाले, सायंकाळी निकाल लागला, आणि त्यावर अपील नाही. म्हणूनच ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही असा स्वार सकाळीच पळ काढतो आणि जथा त्यास मोठ्या औदार्याने जाऊ देतो; कारण या पळपुट्यांना परत आणण्याचाही हिशेब ठरलेला आहे. रोबेर शापात या फ्रेंच समालोचकाच्या नावावर असा एक ठोकताळा चालतो की दर दहा किलोमीटरमागे जथा एक मिनिट सहज वसूल करतो. चाळीस किलोमीटर उरले असता चार मिनिटांची थकबाकी म्हणजे काळजीचे कारण नाही. वसुली वेळेवर सुरू केली म्हणजे झाले. मात्र वसुलीला जाणार कोण, हे शापातच्या सिद्धान्तात सांगितलेले नाही.

आणि येथेच संख्याबळ नावाची मोहिनी आपला प्रभाव दाखवू लागते. संघात नामवंत जितके अधिक तितका विजय निश्चित, असे त्रैराशिक मांडण्याचा मोह मोठमोठ्या मुत्सद्द्यांनाही आवरत नाही. २०१५ च्या फेब्रुवारीअखेर बेल्जियममधील गेंट येथे, एका वृत्तपत्राच्या आश्रयाने भरणाऱ्या 'ओमलोप हेट नीउसब्लाड' या शर्यतीत, हे त्रैराशिक भर रस्त्यात फसले. अंतिम टप्प्यात चार स्वार पुढे निसटले होते. त्यांपैकी तिघे एकाच बेल्जियन संघाचे. पारी-रूबे ही दगडी रस्त्यांची दुष्ट शर्यत चार वेळा जिंकलेला टॉम बोनेन, आदल्या वर्षी तीच जिंकलेला निकी टेर्प्स्ट्रा आणि स्टाइन फांडेनबर्ग हे ते तिघे, आणि चौथा इयान स्टॅनर्ड नावाचा धिप्पाड इंग्रज. स्टॅनर्ड आदल्या वर्षी ही शर्यत जिंकलेला होता, तेव्हा त्यास अगदीच अनाथ म्हणता येणार नाही; पण तिघांच्या विरुद्ध एक, तोही त्यांच्याच मुलखात, म्हटल्यावर प्रेक्षकांनी त्याच्याविषयी जी सहानुभूती दाखवली ती दुखवट्याच्या जातीची होती. आणि तरीही त्याची बाजू मजबूत होती. तुम्ही तिघे आहात, मी एकटा आहे, मग वारा मी का खावा, असा रोकडा सवाल टाकून मागे बसण्याचा अधिकार त्याला आपोआप प्राप्त झाला होता. बोनेनला ही शर्यत आजवर लाभली नव्हती, म्हणून ती त्याला मिळावी अशी मसलत झाली असावी. तो सुटला, स्टॅनर्डने निमूटपणे त्याला गाठले. मग टेर्प्स्ट्रा सुटला, त्यालाही गाठले. शेवटी हा पाहुणाच उसळी मारून निघाला, तेव्हा यजमानांपैकी एकटा टेर्प्स्ट्रा त्याच्या मागे टिकला आणि अंतिम रेषेवर तोही हरला. दुसरा, तिसरा आणि चौथा हे तिन्ही क्रमांक त्या संघाने पटकावले, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि गेंटचा प्रसंग ही केवळ रंगीत तालीम होती असे वाटावे, असा प्रयोग पुढे जपानात झाला. २०२० चे ऑलिम्पिक २०२१ साली भरले, यावरूनच मोजदादीच्या बाबतीत त्या सोहळ्याचे ग्रह आरंभापासून ठीक नव्हते हे सुज्ञांच्या ध्यानात यायला हवे होते. २५ जुलै रोजी टोकियोच्या मुसाशिनोनोमोरी उद्यानापासून फूजी पर्वताच्या पायथ्याजवळील मोटार-शर्यतींच्या वर्तुळमार्गापर्यंत १३७ किलोमीटरची स्त्रियांची शर्यत होती. हवा उष्ण, दमट, वाटेत घाट. एका देशास जास्तीत जास्त चार स्वार पाठविण्याची मुभा होती, आणि हॉलंडने जे चार पाठविले ते पाहून इतर राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी रौप्यपदकाच्या दृष्टीने आपल्या योजना आखल्या असतील तर त्यांना दोष देता येणार नाही. मारियान फोस ही २०१२ च्या लंडनची सुवर्णविजेती. आन्ना फान डर ब्रेगन ही २०१६ च्या रिओची सुवर्णविजेती आणि तत्कालीन जगज्जेती. आनेमीक फान फ्लूटेन ही २०१९ ची जगज्जेती. तिने यॉर्कशरमध्ये शंभराहून अधिक किलोमीटर एकटीने पुढे राहून ते पद मिळविले होते. चौथी डेमी फॉलरिंग, वयाने सर्वांत लहान, पण त्याच वसंतात लिएज-बास्तोन-लिएज ही जुनी मातब्बर शर्यत जिंकून आलेली. थोडक्यात, चौघींत बारगीर एकही नव्हती. वर्षभर या चौघी तीन निरनिराळ्या व्यावसायिक संघांचे मीठ खात असत आणि एकमेकींच्या पराभवातच आपले कल्याण मानीत असत. त्या दिवशी मात्र नारिंगी पोशाख चढवून त्यांनी परस्परांसाठी वारा खावा अशी राष्ट्राची अपेक्षा होती. त्यातून सुवर्णपदक एकच. जिच्या गळ्यात ते पडायचे ती सोडून उर्वरित तिघींना इतिहासाने काय द्यायचे, याची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हती.

याच शर्यतीत ऑस्ट्रियाकडून एकच स्वार आली होती. आन्ना कीझनहोफर ही तीस वर्षांची गणितज्ञ. व्हिएन्ना आणि केंब्रिज येथे शिकलेली, बार्सिलोनात २०१६ साली डॉक्टरेट मिळविलेली, आणि लोझानच्या विद्यापीठात आंशिक विकलक समीकरणांवर संशोधन करून उदरनिर्वाह करणारी. २०१७ साली एका व्यावसायिक संघात तिने नोकरी करून पाहिली होती, ती फार काळ मानवली नाही. टोकियोला ती आली तेव्हा तिला व्यावसायिक संघ नव्हता, प्रशिक्षक नव्हता. सरावाचे वेळापत्रक ती स्वतः आखी, आहाराचा हिशेब स्वतः ठेवी, आणि जपानच्या उष्म्याशी शरीर कसे जुळवून घेत आहे याचे आलेख स्वतःच काढी. घोडा तिचा, दाणावैरण तिची, मसलतही तिचीच. जुन्या फौजेतील कोणत्याही फडणिसाने तिची नोंद डोळे झाकून शिलेदारांत केली असती.

निशाण पडताच, म्हणजे ज्या घटकेला शहाणी माणसे जथ्याच्या पोटात जागा शोधतात त्याच घटकेला, ही बाई पुढे निघाली. तिच्यासोबत आणखी चौघी आल्या: पोलंडची आन्ना प्लिख्ता, इस्रायलची ओमेर शापिरा, दक्षिण आफ्रिकेची कार्ला ओबरहोल्झर आणि नामिबियाची व्हेरा लूझर. मागे राहिलेल्या जथ्याने या पाच नावांकडे पाहिले आणि जप्तीस योग्य असे काहीच त्यांत न आढळल्याने फाइल बाजूला ठेवली. थकबाकी पाच मिनिटांची झाली, मग दहाची, मग त्याहूनही अधिक.

आता वसुलीला कोणीतरी निघावे, हे सर्वांनाच कळत होते. परंतु ज्या लग्नघरात चार कर्ते मामा असतात तेथे मंगलाष्टकांची वेळ झाली तरी अक्षता आलेल्या नसतात, कारण त्या दुसऱ्याने आणल्या अशी प्रत्येकाची खात्री असते. तद्वत हॉलंडच्या चौघींपैकी जी पुढे जाऊन जथा ओढील तिचे स्वतःचे पदक तेथेच संपले, हे चौघींनाही ठाऊक असल्याने प्रत्येकीने अतिशय सौजन्याने दुसरीची वाट पाहिली. इतर देशांची भूमिका याहून सरळ होती. सर्वांत मोठी फौज तुमची, जिंकण्याची हमी तुमची, तर पाठलागाचा खर्चही तुमच्याच खजिन्यातून व्हावा. आपण घाम गाळून हॉलंडच्या चार विदुषींना अंतिम रेषेपर्यंत सुखरूप पोहोचवावे आणि तेथे त्यांनी आपल्याला हरवावे, इतका परोपकार ऑलिम्पिकच्या बोधवाक्यात कोठेही सुचविलेला नाही. परिणामी जगातील सर्वांत समर्थ स्त्रियांचा तो जथा बराच काळ अशा गतीने चालला, की पुढील पाचजणींना पाठलाग होतो आहे की वरात निघाली आहे असा प्रश्न पडावा.

अखेर पन्नासहून अधिक किलोमीटर उरले असता फान फ्लूटेनचा धीर सुटला व ती एकटीच पुढे निघाली. आणि संघनीतीचे खरे वैभव येथून पुढे प्रकट झाले. आपली सहकारी पुढे असताना मागच्यांनी पाठलाग करू नये, हा या खेळातील धर्मशास्त्राचा पहिला नियम. तिचा पाठलाग करणे म्हणजे शत्रूला तिच्यापर्यंत फुकट पोहोचविणे. त्यामुळे फान फ्लूटेन पुढे झटत असेतो उर्वरित तिघी सरदारांनी हातपाय आवरून बसणे हे त्यांचे राष्ट्रीय कर्तव्य ठरले, आणि ते त्यांनी इतक्या निष्ठेने बजावले की त्या शिस्तीचा संपूर्ण लाभ ऑस्ट्रियाच्या खात्यावर जमा झाला. काही वेळाने फान फ्लूटेनलाही जथ्याने गाठले. तोपर्यंत कीझनहोफरने कागोसाका खिंडीच्या चढणीवर, ४१ किलोमीटर शिल्लक असताना, आपल्या उरलेल्या दोन सोबतिणींचाही निरोप घेतला होता आणि ती एकटी उतारावरून फूजीच्या दिशेने धावत सुटली होती.

येथे आणखी एका उणिवेचा उल्लेख केला पाहिजे. एरवीच्या व्यावसायिक शर्यतींत स्वारांच्या कानात एक यंत्र असते, आणि मागील मोटारीत बसलेला व्यवस्थापक त्यातून केव्हा खावे, केव्हा प्यावे, कोण पळाले, किती मिनिटांनी पळाले याची फर्माने सतत सोडीत असतो. ऑलिम्पिकमध्ये या यंत्रास बंदी आहे. तेथे मोटारसायकलवरून फळा दाखविणाऱ्यावर विसंबावे, अथवा मागे जाऊन आपल्या मोटारीत चौकशी करावी. वर्षानुवर्षे कानातून हुकूम ऐकण्याची सवय जडलेल्यांना हे मौन जड गेले असल्यास नवल नाही. कीझनहोफरला मात्र त्याचा काही उपद्रव झाल्याचे दिसत नाही, कारण तिच्या कानात एरवीही दुसऱ्या कोणाचा हुकूम चालत नव्हता.

मग ती वजाबाकीची घटका आली. पळालेल्या पाचजणींपैकी ओबरहोल्झर आणि लूझर या दोघी मागेच गळाल्या होत्या. प्लिख्ता आणि शापिरा या दोघींना, जेमतेम पाच किलोमीटर राहिले असताना, जथ्याने गाठले. दोन आणि दोन मिळून चार होतात, आणि पाचांतून चार गेल्यास एक उरतो, हे आपल्याकडे दुसरीच्या वर्गात शिकवितात, तसे हॉलंडमध्येही शिकवीत असतीलच. परंतु पावणेचार तास उन्हात घाट चढल्यानंतर हाताची बोटे ब्रेकवर गुंतलेली असल्यामुळे म्हणा, किंवा चौघींपैकी प्रत्येकीने हिशेब दुसरीकडे सोपविल्यामुळे म्हणा, ही बाकी कोणाच्याही वहीत उतरली नाही. पुढे आता रस्ता मोकळा आहे, या समजुतीने फान फ्लूटेनने अखेरचे दोन किलोमीटर उरले असता अप्रतिम मुसंडी मारली, सर्वांना मागे टाकले, आणि दोन्ही हात उंचावून, मुद्रेवर कृतार्थतेचे तेज घेऊन, तिने अंतिम रेषा ओलांडली. रिओमध्ये आघाडीवर असताना उतारावर भीषण अपघात होऊन तिच्या हातून जे निसटले होते, ते पाच वर्षांनी हाती आले असे तिला वाटले, आणि तो आनंद पाहताना ज्याचे मन द्रवले नाही तो माणूस वाचकांनी आपल्या घरी बोलावू नये. फक्त त्या रेषेपलीकडे एक गणितज्ञ आधीच सव्वा मिनिटापासून जमिनीवर पडून श्वास घेत होती. आपण जिंकलो असेच वाटले होते, असे फान फ्लूटेनने पुढे मोकळेपणाने सांगितले. इटलीची एलिसा लोंगो बोर्गिनी तिसरी आली.

यावर काही टीकाकारांनी असा सूर लावला की कीझनहोफर जिंकली ती विसरली गेल्यामुळे. प्रस्तुत लेखकास हा युक्तिवाद विशेष पटत नाही. विसरले जाण्याची सवलत त्या दिवशी साऱ्यांनाच उपलब्ध होती. ती घेण्यासाठी फक्त पहिल्या मीटरपासून पुढे राहणे आणि शेवटच्या मीटरपर्यंत तेथून न हलणे एवढीच अट होती, आणि ती अट एकीनेच पाळली. माहिती मिळाली नाही ही तक्रार खरी असली तरी पुढे कोणी आहे काय, असे विचारण्यास बंदी नव्हती. शिवाय ज्या फान फ्लूटेनने यॉर्कशरमध्ये शंभर किलोमीटर एकटीने काढून दाखविले होते, तिच्या उपस्थितीतच एकटी बाई इतके अंतर टिकणार नाही असे जथ्याने गृहीत धरावे, यात उपरोध पाहण्यास फार सूक्ष्म दृष्टी लागत नाही.

ऑस्ट्रियाला सायकलिंगचे सुवर्णपदक याआधी मिळाले होते ते १८९६ साली अथेन्सला, बारा तासांच्या शर्यतीत. आडोल्फ श्माल नावाच्या गृहस्थांनी ते मिळविले. सात स्वार निघाले होते, पण बारा तास पुरे होईपर्यंत सायकलवर बसलेले दोघेच उरले, आणि दुसरा होता अथेन्समधील ब्रिटिश वकिलातीत चाकरीस असलेला फ्रेडरिक कीपिंग. श्मालने सुरुवातीलाच एक फेरी मिळविली आणि उरलेला सारा दिवस तीच सांभाळली. त्या ३०० हून अधिक किलोमीटरांच्या अखेरीस दोघांत अंतर राहिले ते त्या एका फेरीचेच. स्वतःच्या जिवावर पहिल्या घटकेत कमाई करावी आणि उरलेल्या वेळात ती कोणास देऊ नये, हे ऑस्ट्रियाचे अर्थशास्त्र सव्वाशे वर्षांत फारसे बदललेले दिसत नाही.

हॉलंडविषयी मात्र फार काळ हळहळण्याचे कारण उरले नाही. तीनच दिवसांनी, २८ जुलैला, फूजीच्याच परिसरात वैयक्तिक कालशर्यत झाली. तेथे प्रत्येक स्वारास एकेकटे सोडतात, मागे लागण्यास जथा नसतो, पुढे विसरण्यास कोणी पळपुटी नसते, आणि मिनिटे-सेकंद मोजण्याचे काम घड्याळाकडे असते. तेथे फान फ्लूटेनने दुसऱ्या क्रमांकास ५६ सेकंदांनी मागे टाकून सुवर्णपदक जिंकले, आणि फान डर ब्रेगन तिसरी आली. त्या दिवशी मात्र दोघींपैकी कोणालाही दुसरीला मदत करावी लागली नव्हती.